आईच्या नावाची थाळी

शेठजींनी मला डांगच्या जंगलात नेलं ते माझ्या बोलीसाठी. सुरतेच्या साडी मार्केटमध्ये मी त्यांच्याकडे विक्री सांभाळत होतो. नव्वदनंतरची वर्षं. हिवाळ्यात गर्दी ओसरली की बाहेरगावच्या चार मोठ्या व्यापाऱ्यांना ते कुठेतरी फिरवून आणत. त्या वर्षी कुणीतरी त्यांना पूर्णा नदीकाठच्या एका नव्या शिबिराबद्दल सांगितलं होतं. बांबूच्या झोपड्या, चुलीवरचं जेवण, आदिवासींचं वाजवणं-नाचणं. शेठजी मला म्हणाले, तमे खानदेशी छो ने, ए लोकोनी बोली तमने समजाशे.

मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे आधी सांगून टाकतो. दहा वर्षं मी दुकानात गुजरातीच बोलत होतो. लिंबायतची खोली सोडून कतारगामला राहायला गेलो होतो, आणि माझी मुलं एकमेकांशी गुजरातीत भांडत होती. अहिराणी फक्त थोरल्या भावाच्या घरी बोलायची, आणि त्याच्या घरी माझं जाणं सव्वा वर्षापासून बंद होतं. तो लिंबायतलाच राहिला होता, पॉवरलूमवर होता. ज्या भाषेची मला लाज वाटत होती तीच शेठजींना हवी होती, याचा मला जरा अभिमानच वाटला.

भावाकडे जाणं का बंद होतं, तेही सांगायला हवं. आदल्या वर्षी भाद्रपदात आमची आई गावी वारली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो आणि चौथ्या दिवशी परत निघालो. दिवाळीचा माल काढायची घाई होती, शेठजींचे दोन निरोप आले होते. दहाव्याला मी नव्हतो, तेराव्याच्या गंधमुक्तीलाही नव्हतो. मी डोकंही भादरलं नाही, कारण दुकानात गिऱ्हाइकांसमोर बसायचं होतं. सगळं थोरल्यानं केलं. तेरा दिवस तो मागावर गेला नाही. तो सुरतेला परत आल्यावर मी त्याच्या दारात गेलो, तेव्हा त्याचं डोकं नुकतं कुठे काळं दिसायला लागलं होतं. त्यानं मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि तासभर रेडिओ ऐकत बसला. मी पुन्हा गेलो नाही.

शिबिर छान होतं. नदी उथळ, गोट्यांवरून वाहणारी, पलीकडच्या काठाला एक पाडा. झोपड्यांना दारं नव्हती, पडदे होते. दुपारी नागलीची, म्हणजे नाचणीची, काळपट भाकरी पानावर वाढली, तेव्हा एका व्यापाऱ्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि ही चप्पल म्हणून चालेल का असं विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. आमच्या घरी बाजरीची भाकरी याहून काही गोरी नसे, तरी हसलो.

चार वाजता पाड्यावरची मंडळी आली. अंधार पडायच्या आत त्यांना नदी ओलांडून परतायचं असे म्हणून कार्यक्रम उन्हातच व्हायचा. ढोल, आणि दुधी भोपळ्याची नि शिंगाची केलेली, फुंकून वाजवायची पावरी. पंधरा-वीस बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला धरून नाचत होते. व्यापारी खूश झाले. मधल्या विश्रांतीत शेठजींची नजर बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्यावर गेली. त्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली काशाची थाळी होती. हे काय वाजवतात, असं शेठजींनी मला विचारायला सांगितलं.

म्हाताऱ्याची डांगी मला नव्वद टक्के कळली. माझी अहिराणी त्यालाही कळली. थाळीच्या मधोमध मेणानं एक बारीक काडी उभी चिकटवायची आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहायचं, की थाळीतून सलग घुमणारा आवाज निघतो. त्या आवाजावर कथा गायची. पण ती अशी गात नाहीत, तो म्हणाला. कुणी गेलं असलं तर त्याच्यासाठी गातात. गेलेल्याला पोचवायचं असतं. आज तो थाळी घेऊन आला होता कारण तो दुसऱ्या गावाहून, एका मयताच्या घरून, परत चालला होता आणि वाटेत नाच पाहायला टेकला होता.

मी हे शेठजींना सांगितलं. शेठजी वाईट माणूस नव्हते. ते सहज म्हणाले, कुणाचंही नाव सांगा ना, त्याला काय कळणार आहे.

इथे मी काय केलं ते मला अजून नीट उलगडत नाही. नाही म्हणता आलं असतं. एखादं खोटं नावही सांगता आलं असतं. मी म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "बाबा, माझी आई गेली आहे. तिच्यासाठी लावा."

हे मी शेठजींना खूश करायला म्हणालो, की ते निमित्त मिळालं म्हणून म्हणालो? दोन्ही खरं वाटतं, आणि दोन्ही एका वेळी कसं खरं असेल हे कळत नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यानं आईचं नाव विचारलं, गाव विचारलं, ती काय करायची ते विचारलं. मी सांगितलं की ती दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, आणि कानबाईच्या रोटांच्या सणाला गल्लीतल्या बाया तिला गाण्यासाठी आधी बोलवायच्या. नाव सांगताना माझा आवाज फाटला. मागे उभ्या एका व्यापाऱ्याला वाटलं की मी नाटक छान करतो आहे. त्यानं पाठीवर थाप दिली.

म्हाताऱ्यानं मेण तोंडाच्या वाफेनं मऊ केलं, काडी बसवली, आणि सुरू केलं. आधी धरती कशी झाली ते होतं, पाणीच पाणी होतं वगैरे. मला सगळे शब्द लागत नव्हते. मग हळूच आई त्यात आली. कापसाच्या रानातून निघालेली, ओटीत बोंडं घेऊन चाललेली. एक नदी लागली, ती तिनं ओलांडली. पुढे दुसरी लागली. थाळीचा आवाज कुठे तुटतच नव्हता. सव्वा वर्षात मी रडलो नव्हतो. तिथे गोट्यांवर बसून रडायला लागलो तर ती माणसं काय म्हणतील, एवढाच विचार मनात होता. म्हणून मी नदीकडे तोंड करून बसलो.

अर्धा तास झाला असेल. व्यापाऱ्यांची चुळबुळ सुरू झाली. एकानं मध्येच टाळ्या वाजवल्या, संपलं असं समजून. दुसरा हिंदीत म्हणाला, भाई, इसमें तो नींद आ जाएगी. शेठजींनी मला खूण केली आणि ढोलवाल्यांना उठायला सांगितलं. ऊन उतरत होतं, नाचणाऱ्यांना परत जायचं होतं, त्यांचंही खरंच होतं. पण म्हाताऱ्याला थांबवणार कोण? आमच्यात त्याची बोली मलाच येत होती.

मी जवळ जाऊन म्हणालो, "बाबा, बस करा आता."

त्याची बोटं चालूच होती. "अर्ध्यात?"

"हो."

त्यानं बोटं उचलली. आवाज लगेच थांबला नाही, थाळीत थोडा वेळ घुमत राहिला. काडी काढून, मेणाची गोळी करून त्यानं टोपीच्या घडीत ठेवली आणि थाळी पुन्हा गोणपाटात बांधली. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. ढोल सुरू झाला. व्यापाऱ्यांनी शेठजींना नाचात ओढलं, शेठजींनी मला ओढलं, आणि मी नाचलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. माझा पाय चुकत होता म्हणून माझ्या शेजारची बाई हसत होती, आणि मीही हसत होतो. म्हातारा कधी उठून गेला ते मला दिसलं नाही.

सकाळी मंडळी चहा घेत होती तेव्हा मी चपला हातात घेऊन नदी ओलांडली. पाणी बर्फासारखं होतं. पाड्यावर विचारत विचारत त्याचं घर सापडलं. तो अंगणात नागली वाळत घालत होता. काय बोलायचं ते मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. माफी मागायची, आणि राहिलेलं पूर्ण करून द्या म्हणायचं. इथेच बसून ऐकतो, कितीही वेळ लागू दे, शेठजींची गाडी गेली तर जाऊ दे. हे शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं. गेल्या खेपेला मी जे केलं नाही ते या खेपेला करणार होतो.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "झालं की ते. घरी येऊन पुरं केलं."

मला समजेना. म्हणालो, पण मी तर नव्हतो.

"तुझं काय काम होतं? तिला पोचवायचं होतं. अर्ध्यात सोडून मी जेवू कसा? ती दोन नद्यांच्या मध्ये उभी राहिली असती." शेजारची चार माणसं त्यानं बोलावून घेतली होती. त्याच्या बायकोनं आईच्या नावानं भात ठेवला होता. माझ्या आईसाठी चार परकी माणसं बसली होती, आणि त्या वेळी मी पलीकडच्या काठाला जेवत होतो.

मी खाली बसलो. सुटलो असं वाटावं की आणखी अडकलो असं वाटावं, ते कळत नव्हतं. तो नागली पसरत पसरत बोलत राहिला. शेवटी गेलेल्याच्या मुलांची नावं घ्यावी लागतात, तो म्हणाला, कोण मागे आहे ते तिला सांगून मग निरोप द्यायचा. तू नाचत होतास, विचारायचं राहिलं. म्हणून एकच मुलगा धरला. जो मागायला आला तो.

"दोन आहोत," मी म्हणालो. "थोरला भाऊ आहे."

"मग तो कुठे होता?"

सुरतेला, असं मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. पण सांगायचं होतं ते वेगळंच होतं. तोच होता, सगळ्याला तोच होता, त्यानंच खांदा दिला, डोकं भादरलं, तेरा दिवस जमिनीवर झोपला, आणि तुम्ही ज्याला धरलंत तो मुलगा गाडीत बसून निघून गेला होता. ते तोंडातून निघालं नाही. म्हाताऱ्याला वाटलं असेल की थोरला नालायक दिसतो. त्यानं मान हलवली आणि तो पुन्हा नागलीकडे वळला. पलीकडून गाडीचा हॉर्न वाजला. मी उठलो आणि गेलो. कितीही वेळ लागू दे म्हणणारा मी, पहिल्याच हॉर्नला उठलो.

त्या रविवारी लिंबायतला गेलो. भाऊ रात्रपाळी करून झोपून उठला होता, दाढी करत होता. वहिनीनं मला पाहून पदर सावरला आणि चहा टाकला. मी उंबऱ्यात बसूनच सगळं सांगितलं, भाकरीवर हसलो तिथपासून. नाचलो तेही सांगितलं. म्हाताऱ्यानं एकच मुलगा धरला हे सांगितलं, तेव्हा त्याचा वस्तरा गालावर थांबला.

"मन्हं नाव का बरं नही सांगं?" त्यानं आरशात पाहतच विचारलं.

मी म्हणालो, सांगितलं असतं तर मी कुठे होतो तेही सांगावं लागलं असतं.

त्यानं दाढी पुरी केली. तोंड धुतलं, टॉवेलनं बराच वेळ पुसलं. मग म्हणाला, "म्हंजे या बारीले मी नव्हतू."

त्याचा चेहरा टॉवेलमध्ये होता. तो हसत होता का, मला दिसलं नाही. वहिनीही त्याच्याकडेच पाहत होती. टॉवेल खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण रात्रपाळीनं ते नेहमीच लाल असत. त्यानं विचारलं, आईबद्दल म्हातारा काय काय गायला ते सांग. मी कापसाचं सांगितलं, ओटीतल्या बोंडांचं सांगितलं, पहिल्या नदीचं सांगितलं. दुसऱ्या नदीशी येऊन थांबलो, कारण पुढचं मी ऐकलंच नव्हतं. पुढं काय, असं त्यानं दोनदा विचारलं.