मी काही बोलणार नाही

कूलरला बसवलेल्या नव्या खसावर, म्हणजे वाळ्यावर, पहिलं पाणी पडतं, तेव्हा ओल्या मातीचा, मुळांचा, गारव्याचा एक वास घरभर पसरतो. मला तो सहन होत नाही. घरचे समजतात, मला सर्दीचा त्रास आहे. मीच तसं सांगितलं आहे. खरं कारण आजवर कुणालाही सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, माझ्या कवितेलाही नाही.

तुम्हाला सांगते. कारण दुसरं काही लिहिताच येईना.

महिला मंडळाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे : तरुण मुलींनी शालीनतेनं आणि स्वाभिमानानं कसं जगावं. चार वेळा बसले, चार वेळा कागद फाडला. वाक्यं सुरेख उतरतात – संताप त्याचाच येतो. माझी वाक्यं नेहमीच सुरेख उतरतात. मान ताठ असू द्या, स्वर मऊ असू द्या... आणि कोण सांगतंय हे? कोणत्या तोंडानं?

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. भोपाळहून बदलून आलेली माणसं भाड्याची घरं शोधत हिंडत होती, कचेऱ्यांच्या पाट्यांना ओल्या रंगाचा वास येत होता. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या बैठकीत दर शनिवारी दुपारी मी मराठी मुलींचा वर्ग घेत असे. सातआठ जणी; बहुतेकींना मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत यायचं. कविता वाचायच्या, नीट उच्चारायच्या, आणि मधूनमधून मी जगण्याचे धडे द्यायची. अन्याय झाला तर रडत बसू नका, विचारा; 'का' जमत नसेल तर तुमचं 'काहून' म्हणा. स्वाभिमानी बाई हातातलं काम दुसऱ्याच्या लहरीखातर टाकून उठत नाही. मुली एका सुरात 'हव', म्हणजे हो, म्हणायच्या. मला तो सूर फार आवडायचा.

प्रणिता त्यांतली सर्वांत तल्लख. वडील रेल्वेत कारकून. कवितेत कुठं थांबायचं, हे तिला कधी सांगावं लागलं नाही. ती माझी लाडकी होती – हे लिहायला नको वाटतं, पण होती.

एका शनिवारी, हातातल्या कामाचं ते वाक्य नुकतंच ऐटीत बोलून मी कविता वाचायला घेतली होती. आतल्या खोलीत नवऱ्यानं बशीवर चमचा वाजवला. त्याला चहा हवा असला की तो हाक मारत नसे, चमचा वाजवी. मी ओळ अर्धी सोडून उठले. परत आले तर प्रणिता हसून म्हणाली, "काकू, तुमी तर चमच्याच्या हुकुमात चालून राहिल्या जी. ओळ तरी पुरी करायची होती."

मुली हसल्या. मीही हसले. तिच्या बोलण्यात कुचका शब्द नव्हता. जे दिसलं ते ती बोलली, आणि ते खरं होतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत मला जे दिसलं नव्हतं – की पाहायचं नव्हतं? – ते एकोणीस वर्षांच्या मुलीला एका दुपारी दिसलं. मला राग कुणाचा यायला हवा होता? चमच्याचा. आला तिचा.

तो राग मी वर्षभर जपला. वरून तिचं कौतुक करत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात तिला स्थळ आलं. मुलगा बिलासपूरचा. पाहण्याचा कार्यक्रम झाल्यावर ती धावत माझ्याकडे आली. "आवडला मले, काकू. तो ऐकून घेते. मधात बोलत नाही." तिचे कान लाल झाले होते. आपल्यात नंतर चौकशी होते, ओळखीच्या एखाद्या प्रतिष्ठित घरी विचारतात. तिच्या वडिलांनी मोठ्या विश्वासानं माझं नाव दिलं.

फोन आला तेव्हा दुपार होती. कूलरला त्याच सकाळी नवा खस लावला होता. पलीकडून मुलाची आत्या बोलत होती.

"तुमचा शब्द आमच्यासाठी शेवटचा आहे जी. पोट्टी कशी आहे?"

"हुशार आहे," मी म्हटलं.

"अन् स्वभावानं?"

मी थांबले. कवितेत विरामाला किती वजन असतं, हे मी जन्मभर शिकवलं आहे. मला ते वजन नेमकं ठाऊक होतं. मोजून थांबले.

"स्वतंत्र आहे," मी म्हटलं.

"म्हणजे कसं जी?"

"मी काही बोलणार नाही. तुम्ही समजदार आहात."

एकही शब्द खोटा नव्हता. या वाक्याच्या आडोशाला मी किती वर्षं लपले. खोटं बोलले असते, तर निदान ते कधीतरी खोडून काढता आलं असतं. न बोललेलं कसं खोडायचं?

दहा दिवसांनी नकार आला. कारण काही दिलं नाही. आमचं जमणार नाही, एवढाच निरोप. प्रणिताचं पुढं काय झालं, ते मी इथं लिहिणार नाही. ती सुखात आहे म्हणाले तर माझं ओझं हलकं होईल. नाही म्हणाले तर तुम्हाला माझी कीव येईल. मला दोन्ही नको.

त्या शनिवारी ती वर्गाच्या तासभर आधी आली. मी कूलरमध्ये पाणी ओतत होते. ती खाली सतरंजीवर बसली. मी बादली ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि – हे सांगायलाच हवं – तिला उपदेश केला. स्वाभिमानी मुलगी अशा नकारानं मोडत नाही, म्हटलं. मान ताठ ठेव, म्हटलं. फार सुरेख बोलले. माझा स्वर जरासुद्धा कापला नाही.

तिनं मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही; मीच शिकवलं होतं, रडत बसू नका, विचारा. ओल्या खसाचा वास खोलीत भरून राहिला होता. आतमध्ये चमचा वाजला. मी उठले नाही, त्या दिवशी पहिल्यांदाच. तिनं मान वर केली, माझ्याकडे पूर्ण विश्वासानं पाहिलं, आणि विचारलं,

"काहून?"