चौकातले स्पीकरवाले काका

माइकवर बोटानं दोनदा टकटक करायची, गर्दीच्या पार शेवटच्या टोकाकडं बघायचं आणि विचारायचं, ‘मागं आवाज येतोय का रे?’ मागून एखादा हात वर झाला की मगच काका बाजूला व्हायचे.

मुरबाडच्या जुन्या चौकात तुम्ही कधी सभा ऐकली असेल, तर त्यांनाही पाहिलं असेल. पक्ष कुठलाही असो, मोर्चा असो की दहीहंडी, लाउडस्पीकरचे कर्णे काकांचेच. मी शाळामास्तर आणि बहुतेक कार्यक्रमांचा सूत्रसंचालक, त्यामुळे आमची जोडी जमली होती.

एकदा विचारलं, ‘काका, एवढी भाषणं ऐकता, पटतं कुणाचं?’

‘मी भाषण नाय ऐकत, सर. खरखर ऐकतो.’

काकांची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याला. तिथं रस्ता नव्हता. एका पावसाळ्यात त्यांच्या बाळंत व्हायला आलेल्या सुनेला चादरीच्या डोलीतून खाली आणावं लागलं. सून वाचली, बाळ नाही.

पंधरा दिवसांनी चौकात सभा होती. पाहुण्यांना उशीर झाला होता. काकांनी टकटक केली, पण या खेपेला ते बाजूला झाले नाहीत.

‘आमच्या वाडीला रस्ता नाय,’ ते माइकवर म्हणाले. ‘माझ्या सुनेला डोलीतून आणली...’

कोपऱ्यावरच्या भजीवाल्याचा झारासुद्धा थांबला. तेवढ्यात गाड्या आल्या. आयोजकांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

‘काका, बस झालं. साहेब आले.’

‘एकच मिनिट, सर. नातवाचं सांगायचंय.’

मी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला आणि स्वागताला सुरुवात केली. काका निमूट मशीनपाशी जाऊन बसले. माझ्या आवाजात खरखर येत होती, ती त्यांनी बटण फिरवून घालवली.

त्यानंतर वर्षभर आम्ही कार्यक्रम केले. ते पूर्वीसारखंच बोलायचे. माफी मागायची माझ्या मनात होती. आज मागू, उद्या मागू करत राहिलो. मग म्हसा गावाच्या जत्रेत कुणीतरी सांगितलं, काका गेले.

वाडीवर गेलो. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

‘तुमीच ते सर? लय सांगायचे तुमचं. म्हणायचे, सरांनी मला एकदा चौकात बोलू दिला.’

दारात बसलेल्या सुनेनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी तांब्या तोंडाला लावला.