आईचं नाव सांगा

बिबवेवाडीतल्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत मजकूर उतरवून घेणाऱ्या बाई विचारायच्या, "आईचं नाव सांगा." मुहूर्त, कार्यालय सगळं नंतर. म्हणून मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना 'आईचं नाव बाई'च म्हणायचे. मी त्यांच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचे.

'श्री. व सौ. सुरेश' असा मजकूर आला की बाईंचं डोकं फिरायचं. "अहो, सुरेश तुम्ही. तुमच्या सौ.ना स्वतःचं नाव आहे ना? उखाण्यात तुम्हीच घेतलं असेल की." गिऱ्हाईक ओशाळून नाव सांगायचं, आणि घरी गेल्यावर फोन करायचं, "आधी होतं तसंच ठेवा." बाई निमूट तसं करायच्या. मला भयंकर राग यायचा. दर वेळी हरायचंच, तर भांडायचं कशाला?

एकदा मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याच्या घरची पत्रिका आली. नवरीचे वडील वारलेले, म्हणून निमंत्रक काका. बाईंनी काकांच्या वर आईचं नाव घातलं. ती माउली प्रूफ बघायला आली, नावावरून बोट फिरवत म्हणाली, "छान दिसतंय हो. पण राहू देतील का?" संध्याकाळी काकांचा फोन आलाच. "शुभकार्यात विधवेचं नाव? तुम्ही छापा, आम्हाला शिकवू नका." नाव काढलं.

बाईही विधवाच. मुलीला एकटीनं वाढवून इंजिनिअर केलेलं. "माझ्या पोरीच्या पत्रिकेत बघ," त्या मला म्हणायच्या, "निमंत्रक मी. एकटी." त्या एका पत्रिकेच्या आशेवर बाकीचं सगळं गिळत होत्या.

मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांची अट एकच, निमंत्रक म्हणून मुलीचे काका हवेत. हे काका मुलीच्या शाळेच्या फाटकापर्यंतही कधी आले नव्हते! मुलगी दुकानात येऊन रडली. "आई, प्लीज गं. एक कार्ड तर आहे. मला त्या घरात आयुष्य काढायचंय." बाईंनी तिला पाणी दिलं आणि "बरं" म्हणाल्या. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी भांडलेल्या बाईला पोटच्या पोरीशी भांडता येईना.

पत्रिका त्यांनी स्वतःच टाइप केली आणि तपासायला माझ्याकडे दिली.

"बाई, तुमचं नाव?"

"तू शुद्धलेखन बघ."

"शुद्धलेखन बरोबर आहे हो, पण—"

"मग दे छापायला."

दिली. दुसरं काय करणार होते? नुसता संताप झाला, आणि ओरडायचं कुणावर तेच कळेना.

लग्न थाटात झालं. बाई कामावर आल्या. पहिलंच गिऱ्हाईक खुर्चीत बसलं आणि मी सवयीनं त्यांच्या प्रश्नाची वाट बघू लागले.

"वडिलांचं नाव सांगा," बाई म्हणाल्या.

न राहवून मीच विचारलं, "आणि आईचं?"

"ते घालायचं का," गिऱ्हाईक म्हणालं, "घरी विचारून सांगतो."

बाईंनी मान वर केली नाही.