मास्तरांच्या युकुलेलीला पोलादी तारा

“भीती आली की तिच्या हातात काहीतरी काम द्यावं. रिकामी बसलेली भीती घर खाते.”

अलकनंदाबाईंचं हे वाक्य चैत्रालीनं त्या वर्षात इतक्यांदा ऐकलं, की कुकरच्या शिट्टीसारखं ते कानावरून जायचं. सासूबाई आयर्लंडमधल्या नावनला आल्या होत्या त्या तीन महिन्यांसाठी. मार्चमध्ये विमानं थांबली, सरकार व्हिसाची मुदत आपणहून वाढवत गेलं, आणि दोन हजार एकवीसचा जानेवारी उजाडला तरी बाई इथेच. नवरा पियूष औषधांच्या कारखान्यात, त्याला घरी बसून चालत नसे. तो शिफ्टवरून आला की दारातूनच न्हाणीघरात जाई, आणि तो खोकतो का, याकडे घरातल्या दोन्ही बायकांचे कान लागलेले असत. त्या महिन्यात साथ अशी चढली, की बातम्या लागल्या की चैत्राली आवाज बंद करून नुसती बातमीदाराच्या चेहऱ्याकडे बघायची.

बाईंचं माहेर मिरजेचं, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतलं. वडील भोपळ्यावर तबली बसवायचे, म्हणजे तंबोऱ्याचा तो पुढचा लाकडी चेहरा. मुलीला कुणी बसवून शिकवलं नाही. ती बघत राहिली, आणि सोळाव्या वर्षी तारा चढवू लागली. पुढे चाळीस वर्षं भावाच्या दुकानात तारा आणि जवारी, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून झंकार जुळवणं, दोन्ही तिच्याच हातचं. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून इंग्रजी आलं, व्याकरणानं लंगडं, पण आवाजानं ठाम. आयर्लंडला येताना मेतकुटाच्या डब्याशेजारी पोलादी तारांची वेटोळी आली होती. “इथे कोण तंबोरा आणणार आहे, आई?” चैत्रालीनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “डॉक्टर गावाला गेला तरी नळी बरोबर नेतोच की.”

शेजारी डर्मट राहायचे. एक्क्याऐंशी वर्षांचे, शाळेतून निवृत्त झालेले, म्हणून बाई त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांकडे युकुलेली होती. हातभर लांबीचं, गिटारीच्या पिल्लासारखं दिसणारं चार तारांचं वाद्य. पहिल्या टाळेबंदीच्या उन्हाळ्यात दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीच्या अल्याड एक खुर्ची, पल्याड एक खुर्ची पडे आणि मास्तर त्या वाद्याची कुळकथा सांगत. अठराशे एकोणऐंशी साली मदेइरा बेटावरून एक जहाज निघालं. चार महिने समुद्र तुडवून ते हवाई बेटांवर होनोलुलूला लागलं. माणसं उसाच्या मळ्यांत राबायला आणलेली. त्यांच्याबरोबर त्यांचं एक चिमुकलं तंतुवाद्य आलं. ते वाजताना बघून बेटावरचे लोक म्हणाले म्हणे, ही बोटं आहेत का उड्या मारणाऱ्या पिसवा! तेच नाव वाद्याला चिकटलं. तिथल्या राजानं ते दरबारात नेलं. एकोणीसशे पंधरा साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेला त्याचं वेड लागलं. महायुद्धात इंग्लंडच्या जॉर्ज फॉर्म्बीनं त्याच्याच एका भावंडावर भेदरलेल्या माणसांना हसवलं, आणि अलीकडे हवाईचा इझ्रेल नावाचा पहाडाएवढा गवई ते तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून गायला आणि जगभर पोचला.

“गाणारे मोठे असतील,” बाई म्हणाल्या. “पण ते घडवलं कुणी?”

मास्तर हसले. “तिघा सुतारांनी. नुनेस, दियास आणि एस्पिरितो सांतो. त्याच जहाजातून आले, आणि ऊस सोडून यात पडले.”

“मग तुमच्या भिंतीवर फोटो फक्त गवयांचे का?”

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या खिडकीत ठळक अक्षरांत लिहिलेली तीन सुतारांची नावं लागली.

युकुलेलीची चौथी तार खर्जात उतरत नाही, उलट वर चढते. बाईंना त्याचं नवल वाटलं नाही. “आमच्या तंबोऱ्यातही तारा जिन्यासारख्या लागत नाहीत. ही आपल्याच घरातली धाकटी पाती.” असं म्हणाल्या, आणि तिथेच चुकल्या.

मास्तरांची थोरली बहीण नोरा गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. भेटी बंद. नोराबाईंना आता भावाचं नाव आठवत नव्हतं, आवाजही ओळखू येत नव्हता. पण रोज पाच वाजता मास्तर फोनवर युकुलेली वाजवत, नर्स फोन कानाशी धरी, आणि ते ऐकल्यावर म्हातारी चहा-ब्रेड खाई. दिवसातलं तिचं खरं खाणं तेवढंच.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी त्या युकुलेलीची एक तार तुटली. टाळेबंदीत वाद्यांची दुकानं बंद. इंग्लंडहून मागवायची तर ब्रेक्झिटमुळे नव्या वर्षापासून टपाल सीमेवर अडकत होतं, दोन आठवडे म्हणाले. मास्तर भिंतीशी आले ते युकुलेली दोन्ही हातांत पुढे धरूनच.

“द्या इकडे,” बाई म्हणाल्या. “उद्या घेऊन जा. एक काय, चारही बदलते. एक नवी नि तीन जुन्या, असा संसार टिकत नाही.”

त्यांनी जुन्या तारा काढल्या आणि आपल्या वेटोळ्यातल्या पोलादी तारा चढवल्या. सूर खणखणीत लागला. तारा मुरू द्याव्यात म्हणून युकुलेली टेबलावर ठेवून दिली. मंगळवारी सकाळी चैत्राली चहा टाकायला उतरली, तर सासूबाई टेबलाशी ताठ उभ्या होत्या. पोलादाच्या ओढीनं घोडी तबलीवरून उखडून आली होती, आणि तिच्याबरोबर लाकडाची एक पातळ सालही.

“नायलॉनसाठी घडवलेलं लाकूड,” बाई पुटपुटल्या. “चाळीस वर्षांत असं झालं नाही गं माझ्या हातून.”

चैत्रालीनं त्यांचे हात पहिल्यांदाच रिकामे बघितले.

“आई, मास्तरांना सांगू या.”

“वेडी आहेस का? त्यांच्या बहिणीच्या तोंडचा घास आहे तो. काय सांगू, मिरजेच्या कारागिरानं मोडला? आधी सरस आण.”

“सरस? नावनमध्ये?”

“हाडांचा. खीर-बीर थिजवायला घालतात बघ इथले लोक.”

चैत्राली सुपरमार्केटमधून जिलेटिनच्या पट्ट्या घेऊन आली. जन्मात अंडं न शिवलेल्या त्या स्वयंपाकघरात हाडांचा सरस शिजला. “पियूषला सांगू नकोस, पातेलं टाकून देईल,” बाई म्हणाल्या. दोघी क्षणभर हसल्या. केस वाळवायच्या यंत्रानं लाकूड ऊन करून, साल जागच्या जागी बसवून, वर घोडी दाबून बाईंनी ती कपड्यांच्या चिमट्यांनी आणि शिसवी पोळपाटानं जखडली. या ओल्या हवेत सरस वाळायला तीन दिवस हवेत. त्याआधी ताण दिला तर तबली फाटेल, मग ती कायमची गेली.

दुपारी मास्तर भिंतीशी आले.

“अजून एक दिवस,” बाई ठामपणे म्हणाल्या. “तारा बसायच्या आहेत.”

“ग्रँड, ग्रँड,” म्हणजे ठीक, ठीक, असं मास्तर म्हणाले, पण गेले नाहीत. “काल मी नुसतंच गाऊन बघितलं. तिनं फोन ढकलला. नर्सनं इंटरनेटवरचं कुणाचं तरी वाजवणं लावलं, तर तोंड फिरवलं. माझंच हवं तिला, आणि मी कोण ते ठाऊक नाही.”

बाई आत आल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. एरवीसारखे मटार सोलले नाहीत, पडदे शिवले नाहीत. दर तासाला जाऊन पोळपाटाला बोट लावून बघायच्या. शेजारच्या घरात फोन वाजला की दोघी भिंतीकडे बघायच्या.

बुधवारी दुपारी साडेतीनला मास्तर पुन्हा आले. कोटाची बटणं चुकीच्या काजात गेली होती.

“सोमवारपासून नुसतं पाणी,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर शनिवार दिसणार नाही.”

ते परत फिरले. बाई टेबलाशी बसल्या. समोर मास्तरांच्या जुन्या काढलेल्या तारा होत्या. त्यातली एक उचलून त्यांनी दातांत धरली, ओढली, आणि एकदम उठल्या.

“चैत्राली, ही तर गळाची दोरी! मास्तर बॉइन नदीवर मासे धरायचे ना? शेडमध्ये काठ्या आहेत त्यांच्या.”

“मग मागून आणते मी.”

“कशाला हवी, म्हणून विचारतील.” सरस अजून ओलसर होता, तरी बाईंनी चिमटे एकेक करून काढले. “सांगावंच लागेल. आणि ते तू नाही सांगायचं.”

युकुलेली टॉवेलात घेऊन त्या भिंतीशी गेल्या. चैत्राली मागच्या दारात उभी राहिली.

“मास्तर, चूक झाली. पोलाद चढवलं मी. तुमच्या वाद्याचं तोंड उखडलं. दोन दिवस तुमच्याशी खोटं बोलले.”

मास्तरांनी टॉवेल उघडून बघितलं. गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

“दोन दिवस?” ते म्हणाले. “दोन दिवस ती उपाशी आहे, बाई!”

“हो.”

“काल बोलला असतात तर मी दुसरी कुणाकडून तरी मागितली असती.”

“हो, मास्तर. शिव्या नंतर घाला. गळाची दोरी द्या आधी.”

मास्तर शेडमध्ये गेले आणि दोरीची रिळं भिंतीवर आपटल्यासारखी ठेवून तिथेच उभे राहिले.

जाडी बघून बाईंनी चार तुकडे निवडले. थंडीत, बाहेरच, भिंतीवर वाद्य टेकवून एकेक तार चढवली, आणि सूर मुद्दामच दोन पायऱ्या खाली ठेवले, ताण कमी राहावा म्हणून. प्रत्येक पिळाला थांबत होत्या, कान घोडीला लावत होत्या. लाकूड एकदा बारीक करकरलं. तिघंही गोठली. मग गप्प झालं.

पाचला चार मिनिटं होती. मास्तरांनी वाद्य उचललं आणि आत गेले. खिडकी मात्र उघडी ठेवली. सूर आले ते ढिले, खोल, पावसात भिजल्यासारखे. बाई भिंत धरून उभ्या होत्या. घोडी टिकेल का, म्हातारी ओळखेल का, काही कळत नव्हतं. वाजवणं थांबलं. फोनवरचा नर्सचा आवाज पुसट येत राहिला, आणि मग मास्तर खिडकीत आले. डोळे भरलेले होते, पण राग गेलेला नव्हता.

“अर्धा कप घेतला,” ते म्हणाले. “ब्रेड नाही. चहा घेतला.”

“घोडी?”

“आहे जागेवर.” त्यांनी ओठ आवळले. “उद्या पावणेपाचला या. तुम्हीच तपासून द्यायची. रोज.”

“येते,” बाई म्हणाल्या.

त्या घरात आल्या नाहीत. अंगावर शाल, पायांत घरातले मोजे-सपाता, तशाच फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या कडेनं, हळूहळू, हात पाठीमागे बांधून चालू लागल्या. चैत्राली फाटकापर्यंत मागे गेली, हाक मारणार होती, पण शेजारच्या खिडकीत मास्तर तसेच उभे दिसले, युकुलेली छातीशी धरून, त्याच पाठमोऱ्या शालीकडे बघत. मग तीही नुसतीच बघत राहिली, शाल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.