आईचे सात झगे

कारखान्यात सगळे त्यांना काजबाई म्हणत. शर्टाला काजं करायची आणि बटणं लावायची, एवढंच काम त्यांनी एकतीस वर्षं केलं होतं. कुणी कॉलर जोडी, कुणी बाही, कुणी खिसा. सगळीकडून शिवून झालेला पण पुढून उघडा असा शर्ट शेवटी काजबाईंच्या टेबलावर यायचा आणि तिथून मिटून बाहेर पडायचा. "दिवसाला किती काजं होतात हो?" असं कुणी विचारलंच, तर त्या म्हणत, "मोजत बसले तर एक कमी होईल."

त्यांच्या स्वतःच्या अंगावर मात्र दिव्याखाली अंधार. कारखान्यातला बाद झालेला शर्ट, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब, आणि खाली राखाडी पँट. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत त्या आणि आई. आईही शिवणकाम करणारी, घरीच मशीन चालवायची. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी आई गेली, तेव्हा काजबाई चौपन्न वर्षांच्या होत्या.

महिन्याभराने धाकटा भाऊ सामान आवरायला आला. माळ्यावरून त्याने पत्र्याची पेटी उतरवली, झाकण उघडलं आणि दोघंही बघत राहिली. आत सात झगे होते. पायघोळ, कंबरेत बारीक, खाली भरपूर घेर, कापडाने मढवलेली बटणं, आणि दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात जाईल असे खोल खिसे. आईने तरुणपणी स्वतःसाठी शिवलेले. काजबाई तीन वर्षांच्या आणि भाऊ चार महिन्यांचा असताना वडील गेले. त्यानंतर आईने हे सगळे पेटीत घातले आणि पुढचा जन्म दोन-चार साध्या, गडद कपड्यांवर काढला. यातला एकही झगा आईच्या अंगावर पाहिल्याचं काजबाईंना आठवत नव्हतं.

"ताई, हे आता कोण घालणार?" भाऊ म्हणाला. "देऊन टाक कुणाला तरी."

"बघते," त्या म्हणाल्या. त्यांच्या 'बघते'चा अर्थ 'नाही' असा असतो, हे भावाला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने पेटी कपाटाशेजारी सरकवली आणि विषय तिथेच संपला.

झग्यांना हवा लागावी म्हणून एका सकाळी काजबाईंनी ते पलंगावर पसरले. निळा उचलून आरशासमोर अंगाला लावून पाहिला. मग म्हटलं, घालूनच बघू. झगा असा बसला, जणू त्यांचंच माप घेऊन बेतला होता. बटणं लावताना त्यांनी सवयीने काजं तपासली. आईची काजं त्यांच्यापेक्षा सरस होती. हे कबूल करायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि तेवढ्यात पावणेआठ वाजले. कारखान्याचं फाटक आठला बंद व्हायचं. कपडे बदलत बसायला सवड नव्हती. डबा उचलला आणि तशाच निघाल्या.

रस्त्यावरच्या मोठ्या माणसांनी पाहिलं आणि लगेच नजर वळवली, कुणाचं बटण लावायचं राहून गेलेलं दिसावं तशी. बेकरीवाला पाव देताना तराजूकडेच बघत होता. पण वाटेत प्राथमिक शाळा होती, आणि मुलांना नजर वळवायला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं.

फाटकाशी एक छोटी उभी होती. पुढचे वरचे दोन्ही दात पडलेले, त्यामुळे सगळे तिला बोळकी म्हणत. ती सरळ वाट अडवून उभी राहिली.

"तुम्ही लग्नाला चाललात?"

"कामाला."

"मग असा झगा का?"

"माझ्या आईचा आहे."

बोळकीने यावर जरा विचार केला. "मग आज आई काय घालणार?"

काजबाईंनी हातातला डबा सावरला. "तिच्याकडे दुसरे आहेत," त्या बोलून गेल्या. बोळकीचं समाधान झालं आणि तिने वाट सोडली.

पुढे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर मोठ्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. "अगं बघ, पडदा चाललाय," त्यातली एक म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मधोमध भावाची मुलगी बसली होती, अकरा वर्षांची, त्याची एकुलती एक. तिने आत्याला पाहिलं, आणि खाली वाकून आधीच बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधायला घेतली. हाक मारायला काजबाईंचा हात अर्धा वर गेला होता. त्यांनी त्याच हाताने केस सारखे केले आणि पुढे निघून गेल्या. आपल्यामुळे पोरीला चार जणींत मान खाली घालायला नको.

कारखान्यात कॉलरवालीने विचारलं, "काय बाई, नाटकात काम मिळालं वाटतं?"

"हो, तुझ्या सासूचं," काजबाई म्हणाल्या. सगळे हसले, त्यासुद्धा हसल्या. पण संध्याकाळी घरी येऊन त्यांनी निळ्या झग्याची नीट घडी घातली आणि तो पेटीत ठेवून दिला. हौस फिटली होती.

दुसऱ्या दिवशी राखाडी पँट आणि बोटभर लांब बाही. शाळेच्या फाटकाशी बोळकी टाचा उंचावून रस्त्याकडे बघत होती. काजबाई तिच्या इतक्या जवळून गेल्या की दप्तराचा पट्टा त्यांच्या हाताला घासला. बोळकीची नजर त्यांच्यावरून दिव्याच्या खांबावरून सरकावी तशी सरकली आणि पुन्हा रस्त्याला लागली. कोणाची वाट बघत होती, ते सांगायला नकोच. काजबाईंच्या मनात आलं, एकतीस वर्षं आपण याच रस्त्याने जातो. आज फाटकाशी मुलांना सोडायला येणाऱ्या कितीतरी आया तेव्हा इथेच दप्तर घेऊन उभ्या असतील. त्यातल्या एकीनेही कधी आपल्याकडे पाहिलं नसेल, आणि चूक त्यांची नव्हती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिवळा घातला.

मग हे रोजचंच झालं. उद्या कुठला रंग, यावर फाटकाशी पैजा लागायच्या. एकजण रोज धावत येऊन घेराला बोट लावायचा आणि तसाच पळत सुटायचा. एक इवलीशी पोर त्यांना बघताच आईमागे लपून भोकाड पसरायची. आठवडाभर रडली, आठव्या दिवशी तिने जीभ काढून दाखवली. एका चष्मेवाल्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "तुम्ही जुन्या काळातल्या आहात का?"

"थोडी."

"तिथे वीज होती?"

"होती, पण सारखी जायची."

"मग तुम्ही परत कशा जाणार?"

"चालत," काजबाई म्हणाल्या. त्याला ते पटलं.

बोळकी तर आठवड्याभरात 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. "मावशी, खिशात काय आहे?" हा तिचा रोजचा प्रश्न. खिशात सुई, दोरा, दोन बटणं आणि रुमाल असायचा. ते पुरेसं नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं.

भाची मात्र भिंतीवरच बसून असायची. रविवारी काजबाई भावाकडे जात तेव्हा ती नेहमीसारखी बोलायची, अभ्यासाचं सांगायची. रस्त्यावरचं ती काढत नसे, आणि काजबाईही काढत नसत.

एके दिवशी बारक्यांचा गराडा पडलेला असताना, 'पडदा' म्हणणारी ती मोठी मुलगी भिंतीवरून उडी मारून खाली आली. तिचा पाय पडला तो पिवळ्या झग्याच्या काठावर, आणि काजबाई तर पुढे निघालेल्या. चर्रकन आवाज झाला. वीतभर शिवण उसवली आणि कापडही थोडं फाटलं. पोरं चिडीचूप झाली.

"जुनाच तर होता," ती मुलगी पुटपुटली. तिचीही भीतीने गाळण उडाली होती.

तेवढ्यात भाची भिंतीवरून उतरली. "ती माझी आत्या आहे," ती म्हणाली, इतकं हळू की मैत्रिणीला "काय?" असं विचारावं लागलं.

"माझी आत्या आहे. आणि तो माझ्या आजीचा झगा आहे." तिचे कान लालबुंद झाले होते.

काजबाई शाळेच्या पायरीवर बसल्या. सुईत दोरा ओवला आणि भाचीला म्हणाल्या, "इकडे ये. हे ताणून धर." ती गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी कापड धरलं. बोळकीने मध्ये डोकं घातलं.

"मावशी, आत एवढं कापड का दुमडलंय?"

"ती माया."

"म्हणजे?"

"शिवताना शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं ठेवायचं. बाहेरून दिसत नाही. पुढेमागे माणूस वाढलं की उसवून तेवढं मोकळं करायचं. त्याला माया म्हणतात."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर आत राहते," काजबाई म्हणाल्या आणि दातांनी दोरा तोडला.

त्या दिवशी एकतीस वर्षांत पहिल्यांदा कारखान्याचं फाटक त्यांच्या आधी बंद झालं होतं. रखवालदाराने घड्याळाकडे पाहिलं, मग टाके घातलेल्या झग्याकडे पाहिलं, आणि फाटक उघडलं.

रविवारी भाची स्वतःच त्यांच्या खोलीवर आली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आत्या, पहिल्या दिवशी मी तुला बघितलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"तुला राग आला?"

"आला. मग गेला." काजबाईंनी तिला पलंगावर जागा करून दिली. "तुझ्या वयाची असताना मी आईबरोबर बाजारात जायचे नाही. तिच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास यायचा. मैत्रिणी नाक धरतील म्हणून दहा पावलं मागून चालायचे. तिने कधी मागे वळून बघितलं नाही. मला वाटायचं, तिला कळतच नाही."

भाचीने सगळे झगे बघायला मागितले. एकेक उलटा करून ती आतली माया शोधू लागली. आता तिला ते कळत होतं. सहा झग्यांची माया जशीच्या तशी होती. सातवा, हिरवा, काजबाईंनी अजून एकदाही घातला नव्हता. तो उलटा केल्यावर ती थांबली.

"आत्या, हा दोनदा उसवलाय."

काजबाईंनी झगा उजेडात नेला. दोन्ही कुशींची शिवण पार काठापर्यंत मोकळी केलेली होती. सुईच्या भोकांच्या दोन रांगा दिसत होत्या. एका रांगेत पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे अडकले होते, दुसरीत काळ्या. आणि त्यांच्या आत, कंबर पुन्हा बारीक करणारी तिसरी शिवण.

"आजी जाड झाली होती का?"

आई जन्मभर काडीसारखी होती. काजबाईंचा अंगठा भोकांवरून फिरला आणि मध्येच थांबला. "एकदा मी होते," त्या म्हणाल्या. "आणि एकदा तुझे बाबा."

भाचीने डोळे मोठे केले. "म्हणजे तुम्ही दोघं यात होतात?"

"होतो बाई."

तिसरी शिवण त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. भाऊ झाल्यावर आईने झगा पुन्हा आपल्या मापाचा केला होता. म्हणजे त्या चार महिन्यांत, वडील असताना, कधीतरी तो घालून ती बाहेर पडली असणार. कडेवर एक, बोटाशी एक. काजबाईंनी आठवायचा खूप प्रयत्न केला. हिरव्या रंगाचं काहीच आठवलं नाही. पण आपण तिथे होतो, बोट धरून होतो, एवढं नक्की.

संध्याकाळी दोघी झगा घेऊन भावाकडे गेल्या. "मला काय कळतं शिवणकामातलं?" तो म्हणाला. मुलीने त्याला शेजारी बसवून सगळं दाखवलं.

"पांढरा दोरा कुणाचा?" त्याने विचारलं.

"माझा असणार. आधीचा."

"म्हणजे काळा माझा." त्याने झगा मांडीवर घेतला. चहा आला, निवला, पुन्हा गरम करून आला, तरी झगा मांडीवरच होता. काजबाई निघाल्या तेव्हा तो त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. असं त्याने बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

हिरवा झगा भावाच्या कपाटात राहिला. बाकीचे सहा काजबाईंनी वापरून वापरून विरवले, तरी रफू करून त्या तेच घालतात. निळ्याची तर शेवटी चाळणी झाली. बोळकीचे दात आले, ती वरच्या शाळेत गेली. भाची आता उंचीने आत्याच्या पुढे गेली आहे आणि काजं करायला शिकते आहे. तिची काजं जरा वाकडी येतात. फाटकाशी दरवर्षी नवी पोरं येतात आणि नवे प्रश्न विचारतात. काजबाई प्रत्येकाला थांबून उत्तर देतात. त्यासाठी त्या हल्ली घरून दहा मिनिटं लवकर निघतात.

परवाच एका नव्या पोराने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी घालायला लावलं?"

"कुणी नाही. मीच घातलं."

त्याने स्वतःच्या इस्त्री केलेल्या गणवेशाकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "तुमची मजा आहे," तो म्हणाला.