धाकट्याची रजा

आण्णा, आमचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले. माझा धाकटा भाऊ दुबईत. एप्रिल ते मार्चच्या वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस तो इथं राहिला, तर करासाठी भारतातला रहिवासी ठरेल आणि तिकडच्या कमाईचीही चौकशी सुरू होईल, असं विश्रामबागच्या सीएनं बजावलं होतं. आण्णांना कर कळला नाही, दिवस कळले. त्यांनी त्या दिवसांना रजा म्हणायला सुरुवात केली. धाकटा गावी, कुंडलला असला की भिंतीवरच्या कॅलेंडरावर रोज एक लाल गोल.

मी बारा महिने तिथंच. उसाला पाणी, आण्णांचा दवाखाना, त्यांची अंघोळ. माझ्या दिवसाला कुणी गोल काढला नाही. त्या गोलांवर मी जळायचो. पन्नाशी उलटल्यावर हे लिहितोय.

फेब्रुवारीत त्यांनी अंथरूण धरलं.

"मृत्युपत्र करायचं हाय. दोघंबी समोर पायजेत. धाकट्याची रजा किती उरली रं?"

सीएकडून आकडा मीच आणायचो. एकोणतीस दिवस उरले होते. जुनं कॅलेंडर डिसेंबर संपताच उतरवलेलं, त्यामुळं मागचे गोल मोजायला त्यांच्यापाशी काही नव्हतं.

"संपली, आण्णा. आता एप्रिललाच नवी."

वाटलं, हुज्जत घालतील.

"संपली म्हंजे संपली. हुकूम हाय," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.

धाकट्याला फोनवर सांगितलं, "लय बरे हायत. उगं दिवस घालवू नगंस. एप्रिलात निवांत ये."

मार्चमध्येच आण्णा गेले. मृत्युपत्र राहिलं. धाकटा विमानतळावरून थेट स्मशानात आला.

दिवसकार्य झाल्यावर म्हणाला, "दादा, त्यांचं सगळं तूच केलंस. माझ्या वाट्याच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करून देतो. माझी आठवण काढली हुती का रं?"

"काढली हुती," म्हणालो आणि उसाला पाणी सोडायला निघालो.

तो दुबईला परतल्यावर मी कॅलेंडरचं मार्चचं पान उलटलं. एप्रिलच्या एक तारखेला लाल गोल होता, वाकडातिकडा. बायको म्हणाली, "आवं, त्यांनी कॅलेंडर खाली काढून मागितलं हुतं."

सोमवारी धाकटा सहीला येतोय. पेन हातात देण्याआधी ते पान त्याच्यापुढं ठेवणार आहे, एकोणतीसचा आकडाही सांगणार आहे. मग जमिनीचं त्यानं काय ते ठरवावं.

आणि खरं सांगतो, तो गोल दिसला की अजूनही आधी मी जळतोच. लाज मागनं येते.