साळ्याची जाड दोरी

गळाच्या तंगुसाच्या नव्या दोरीचा वास आला की परतवाड्याजवळचं ते धरण आठवतं. सासरी मोठ्या तोऱ्यात "आज मासा मी आणतो" म्हणून निघालो होतो. आदल्या दिवशी अकोल्याच्या दुकानात माझ्या लहान रिळासाठी दोरी घेताना साळा म्हणाला होता, "भाऊजी, जाडच घ्या, तुटाचं भेव नाई." जाड दोरीनं रीळ लगेच भरलं, लांबी थोडीच बसली. धरणावर मोठा रोहू लागला आणि खोल पाण्याकडे पळाला. दोरी तुटली नाही, संपली. रिकामं रीळ गरगरलं आणि शेवटची गाठ निसटली. शेजारी साळ्यानं मात्र तसाच रोहू पळवून, दमवून काठावर घेतला. त्याची दोरी बारीक होती, भरपूर लांब. "तुया रिळावर बारीक कावून रे?" मी विचारलं. "घरात पडून होती," तो पाण्याकडे पाहत म्हणाला. अजूनही त्याच्या घरी चहा समोर आला की आधी तो पितो का, ते मी पाहतो.